लाल कागदाविना दार

बहारीनला लोक मोटारींच्या शर्यती बघायला जातात, मी भाचीला आणायला गेले. दिवाळीनंतर वहिनी गेली. दादाची सखीरला शिफ्टची नोकरी, सात वर्षांच्या सईकडे बघणार कोण? तिला पुण्याला न्यायचं आम्हा बहीणभावंडांचं ठरलं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

विमानतळावरून नईम भागातल्या घरी येईपर्यंत दादा एक शब्द बोलला नाही. बाहेर धुळीत बुडालेल्या इमारती. कोपऱ्यावर गरम खुब्ज (तंदूरची रोटी) घेतला. घरात शिरले तर ओट्यावर वहिनीचा चहाचा टोप पालथा घातलेला. मला भडभडून आलं. खुब्ज तसाच वाळला.

सई शेजारी लिनबाईंकडे होती. या चिनी बाई कापडाचं दुकान चालवतात, शाळा सुटल्यावर सई त्यांच्याकडेच असते. त्यांचं नववर्ष तोंडावर आलेलं. दाराला लाल कागद, आत जियाओझी (उकडलेल्या तिखट करंज्या). घाईत एक तोंडात टाकली आणि जीभ पोळली.

करंज्या मुरडता मुरडता बाईंनी मोडक्या इंग्रजीत गोष्ट सांगितली. वर्ष सरताना न्येन नावाचं जनावर गावात येऊन माणसं खायचं. सगळे डोंगरात पळायचे. एकदा एक म्हातारा मागे राहिला. कुणी म्हणतं तो भिकारी, कुणी म्हणतं देव. त्यानं दाराला लाल कागद लावला, बांबू जाळून फटाफट आवाज काढले. जनावर पळालं. तेव्हापासून नववर्षाला लाल कागद आणि फटाके.

सई शांतपणे म्हणाली, "आत्या, आवर डोअर हॅड नो रेड. दॅट्स व्हाय इट टुक आई."

बाईंचा हात पिठातच थांबला.

निघायच्या दिवशी सई अडून बसली. बाबा एकटे, दार लाल कागदाविना उघडं, ती येणार नाही. मी लाल कागद आणला आणि दाराला चिकटवायला घेतला. लिनबाई धावत आल्या.

"रेड मफी (नाही)! मामा डाय, धिस इयर रेड मफी!"

मेलेल्या माणसाच्या घराला त्यांच्यात वर्षभर लाल लावत नाहीत. आमच्याकडे तरी वर्षभर कुठे सण असतो? मला सुचायला हवं होतं. बाईंनी नखानं हलकेच कागद सोडवला आणि सईनं हंबरडा फोडला, "इट विल ईट बाबा!"

तेव्हा इतके दिवस मुका झालेला दादा उठला. स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणि डाव आणून दारात उभा राहिला आणि बडवायला लागला. जिन्यात माणसं जमली.

"रोज वाजवीन, बाळा," तो म्हणाला. "जा तू आत्याबरोबर."

सई निघाली. विमानात माझा हात तिनं सोडला नाही.

आता पुण्यात रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो. दादा ताट तोंडासमोर धरतो आणि वाजवतो. सईला वाटतं, जनावर पळावं म्हणून तसं धरतात. ताटाच्या कडेनं त्याचे हलणारे खांदे मला दिसतात, आणि त्याला तिथं एकटं ठेवून आल्याचं दुःख गिळत मी फोन सरळ धरून बसते.

"लाउडर, बाबा," सई म्हणते.