टाकीची पातळी आणि आमची प्रज्ञा

फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या स्टँडवर दर्यापूरच्या गाडीची वाट पाहत होतो. “दादा, प्रज्ञाताई भाजल्या. अकोल्याले निघा,” प्लांटमधलं कोणीतरी ओरडलं. मागं भोंगा किंचाळत होता...

प्रज्ञा माझी धाकटी बहीण. अकोल्याकडच्या एका वीज केंद्रात शिफ्ट इंजिनीअर होती. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीची पातळी सांभाळणं तिच्याकडं होतं. पातळी उतरली तर पंप कोरडे पडून फुटतात. चढली तर पाणी वाफेच्या नळात शिरतं आणि आतून घण घातल्यासारखं आदळतं. “उकळतं पाणी हाय दादा, त्याले धाकात ठेवा लागते,” ती म्हणायची. ती स्वतः मात्र कोणाच्या धाकात राहिली नाही. कॉलेजात असताना भरल्या जीपमध्ये एकानं अंगाला हात लावला, तर जेवणाच्या डब्यानं तिनं त्याचं नाक फोडलं. बाबांनी विचारलं, “मारलं काहून?” म्हणाली, “आधी एकदा सांगून पायलं होतं.”

त्या दुपारी पडद्यावर पातळी मध्यावर होती आणि जराही हलत नव्हती. तिला तेच खटकलं. “पाणी गोठलं का आतमंदी?” असं म्हणत तिनं आपल्या ऑपरेटरला, रफिकला, टाकीवरची पातळी दाखवणारी काच पाहायला वर पाठवलं. काच काठोकाठ भरलेली. मापक अडकलं होतं आणि टाकी भरतच होती. रफिकनं वरून फोन केला. शिफ्टप्रमुखांनी तिचा हात धरला, म्हणाले, “थांबा, हळूहळू लोड उतरवू.” प्रज्ञानं त्यांचा हात झटकला आणि अख्खा संच एकदम बंद करायचं बटण दाबलं. पण पाणी नळात पोचलं होतं. धडाके सुरू झाले, मजले हादरले, नळाचा सांधा फाटला आणि रफिक उभा होता तिथंच वाफ फुटली. सगळे खाली पळत असताना ती जिना चढली. रफिकला कॉलर धरून तिनं ओढत बाहेर आणलं.

दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. आवाज तोच होता.

“रफिक?”

“जित्ता हाय.”

“मंग तू काहून रडून राहिला?”

दुसऱ्या दिवशी ती गेली...

परवा दर्यापूरच्या घरी बाबा तिच्या खोलीची भिंत लिंपायला बसले. नोकरीत मिळालेला पहिला कामाचा कोट टांगायला तिनं खिळा असा ठोकला होता, की गिलावा फुटून विटा उघड्या पडल्या. बाबांनी खिळ्याला पकड लावली. आई स्वयंपाकघरातून धावत आली, पकड हिसकली आणि अंगणात भिरकावली.

“हात लावू नोका त्याले!”

खिळा वाकला आहे. अजून हलत नाही.