भर दुपारचा मुऱ्हाळी

तुळजाबाई टीव्ही बघायची तो फक्त कमांडोंचा. पांढरवाडीच्या दूध संस्थेत संकलनाच्या खोलीत संस्थेचा टीव्ही होता. किटल्या घेऊन रांगेत थांबलेल्या बायांना सासू-सुनांची भांडणं हवी असायची. पण खोली झाडायचं आणि कॅन विसळायचं काम तुळजाबाईचं, त्यामुळं रिमोट तिच्या कनवटीला. ती लावायची जुन्या लढाया. रबरी होडीतून किनाऱ्याला लागणारे, तोंडाला काजळी फासलेले गोरे सोजीर, आणि मागून घोगऱ्या आवाजात हिंदी.

"तुळजामाय, तुमाला त्यातलं कळतंय तरी काय?" दुधाचा टेम्पो चालवणारा सटवा विचारायचा.

"कळाया काय लागतंय? दुसऱ्याच्या घरात शिरायचं, आपलं काम करायचं, भाईर यायचं. बाईचा जलमच त्यात गेला."

एकदा बर्फाच्या डोंगरावरून घसरत जाऊन काही जणांनी पाण्याचा एक कारखाना उडवला. तेव्हा ती जागची उठलीच. "पानी उडवाया गेलते मुडदे! हितं घागरीला घागर लागंना!" ते पाणी बाँब बनवायला लागणारं होतं, हे सटव्यानं तिला तीनदा सांगितलं. तेव्हा कुठं ती बसली. "मंग उडवू दे."

दोन हजार तेराचा दुष्काळ होता तो. फाल्गुनातच विहिरी तळाला गेलेल्या. तुळजाबाईचा मुलगा मुंजाजी कर्नाटकात ऊसतोडीला, दावणीला दोन म्हशी, त्यातली एक गाभण. घरात ती आणि सून शिवकन्या. शिवकन्या दहावी शिकलेली, म्हणून दूध संस्थेवर बायांच्या जागेवर संचालक झाली होती. आणि आता सगळं गाव तिच्या एका हातावर येऊन थांबलं होतं.

संस्थेला जनावरांची छावणी मिळणार होती. संचालक नऊ. चौघं म्हणत होते, छावणी गावच्या गायरानावर काढू. चेअरमन अर्जुनराव धरून चौघं म्हणत होते, आष्टीच्या पलीकडं, अर्जुनरावाच्या मेव्हण्याच्या रानात काढू. बावीस किलोमीटर! थकलेली जनावरं तिथवर चालत निघाली असती तर चालत चालत वरच गेली असती. मतदान शनिवारी चार वाजता. नववं मत शिवकन्येचं, गायरानाच्या बाजूचं; ती नसली तर चार-चार, आणि चेअरमनचं जादा मत निकाल लावणार.

गुरुवारी सकाळी अर्जुनरावाची बायको केशरबाई जीप घेऊन दारात आली होती. "नारायणगडाला दर्शनाला चाललेय. शिवकन्येला सोबत नेते. माज्या लेकीवानी नेते, काळजी करू नगा."

सांजच्याला माघारी येणार होती. शुक्रवार गेला, शनिवार उजाडला. शिवकन्येचा फोन बंद.

"सहलीला नेली," सटवा म्हणाला. "मताच्या टायमाला माणूस असंच नेत्यात. मी काल आष्टीच्या पलीकडं दूध घालाया गेलतो. केशरबाईच्या भावाचं मंगल कार्यालय हाय ना घराला लागून, तिथं हाय. गेटावर अर्जुनरावाचा गडी रामहरी बसलाय. खाऊन पिऊन ठेवलीय, पर सोडीनात."

तुळजाबाईनं चुलीतली राख घेतली आणि अंगणात ओतली. बोटानं रेघा ओढल्या. "हे गेट. हितं रामहरी. सैपाकघर कुठं?"

"मागं. पर आपुन रातच्याला न्हाई का जायाचं? टीव्हीत तर रातचं जात्यात."

"चारला मत हाय बे! आन रातचं समदी जागी आसत्यात, चोराच्या भ्यानं. दुपारी जेवून पडल्यावर कोण कुणाला पुसतंय?"

"धरलं तर?"

"आपलीच सून आनाया गेलं तर धरतंय कोण?"

एक वाजता टेम्पो निघाला. रिकाम्या कॅनच्या खडखडाटात तुळजाबाई पुढच्या सीटवर ताठ बसली होती. हातात एक नवा खण, हळदीकुंकवाची पुडी आणि नारळ.  रस्त्याच्या कडेला बाभळीसुद्धा सोलून काढलेल्या होत्या, हाताला लागेल तेवढा पाला लोकांनी ओरबाडून नेला होता.

पावणेदोनला गेटासमोर टेम्पो थांबला. रामहरी खुर्चीत पेंगत होता. दचकून उठला. "कोण पायजे?"

"मुऱ्हाळी आलाय म्हणून सांग."

"आं?"

"मुऱ्हाळी! लेकीला न्याया आलाय. जा, सांग आत."

रामहरीनं इकडं तिकडं पाहिलं. मुऱ्हाळी म्हणजे लेकीसुनेला माहेराहून सासरी नेणारा माणूस. त्याला दारात उभं ठेवत नाहीत, एवढं त्याच्या आईनं त्याला शिकवलं होतं. त्यानं गेट उघडलं.

केशरबाई ओसरीत आली तेव्हा तिच्या मागं तीन-चार बायका होत्या, स्वयंपाकाला आलेल्या आणि भावाच्या घरच्या. आणि सगळ्यांच्या मागं, दाराच्या चौकटीला धरून, शिवकन्या.

"आत्या!"

"हाय मी," तुळजाबाई म्हणाली. तिकडं जास्त पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आवाज फुटला असता.

केशरबाई हसली, पण डोळे हसले नाहीत. "बाई कधी मुऱ्हाळी झाली का, तुळजाबाई?"

"घरात बाप्या न्हाई. उसाला गेलाय. तुमी म्हनला व्हता, लेकीवानी नेते. मंग हे तिचं म्हायेर झालं का न्हाई? दोन दिस राहिली, खाल्लं-पिल्लं. आता सासरचं मानूस न्याया आलंय. पाठवा लेकीला."

 एक म्हातारी पदराआड पुटपुटली, "खरं हाय."

केशरबाईला यातली मेख कळत होती. हे तिचं स्वतःचं माहेर. लेक म्हणून आणलेल्या बाईला, सासरचं माणूस न्यायला आलेलं असताना, भावाच्या उंबऱ्यात अडकवून ठेवायचं? चार बायकांसमोर? तिनं क्षणभर ओठ चावला. मग पदर खोचला.

"बरोबर हाय तुमचं. पाठवते की. पर मुऱ्हाळी उपाशी जात नसतो. बसा. पुरण घालते."

तुळजाबाईच्या पायाखालची फरशी सरकली. पुरण! डाळ शिजणार, वाटणार, कणीक मळणार, पोळ्या लाटणार. भिंतीवर घड्याळ होतं. दोन वाजून पाच मिनिटं. बावीस किलोमीटरला टेम्पोनं पाऊण तास. पानाला नको म्हणावं तर मुऱ्हाळीच खोटा ठरतो. मग लेक कसली आणि माहेर कसलं. राखेच्या रेघांत तिनं गेट काढलं, रामहरी काढला, स्वयंपाकघरसुद्धा काढलं, आणि चुलीवरची डाळ तेवढी विसरली.

"कशाला तरास? गूळपानी चाललं," ती म्हणाली.

"असं कसं? कावून? आमच्या म्हायेराला नाव ठेवायचंय का?"

आत डाळीचं पातेलं खणखणलं. रामहरी गेटाशी अर्जुनरावाशी फोनवर बोलत होता, "व्हय आण्णा... म्हातारी आलीय... न्हाई, जेवाया बसवलीय..."

अडीच. डाळ बोटचेपी होईना. केशरबाई चुलीशी बसून सावकाश, अगदी सावकाश जाळ सारत होती. बाहेर सटव्यानं एकदा हॉर्न वाजवला आणि गप्प झाला.

पावणेतीनला शिवकन्या पुढं आली. दोन दिवसांत ती एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती.

"मावशी, वटी तेवढी भरा माजी."

"आगं, जेवल्यावर भरू."

"दिस उतरायच्या आत भरावी म्हणत्यात. तुमच्याच हातानं भरा." आणि ती पाटावर जाऊन बसली. पदर पसरून.

तुळजाबाईनं झटकन खण आणि नारळ पुढं केला. बायका गोळा झाल्या. पसरलेल्या पदराला कोण नाही म्हणणार? म्हातारीनं तांदूळ आणले. केशरबाईनं हात धुतले, कुंकू लावलं, ओंजळीनं तांदूळ घातले. शिवकन्या तिच्या पाया पडली, उठली, आणि पदराची गाठ पोटाशी धरून थेट गेटाकडं निघाली.

"ए पोरी! जेवण..." केशरबाई ओरडली.

"भरल्या वटीनं माघारी फिरू का मावशी?" शिवकन्या न थांबता म्हणाली.

"आन जेवन मुऱ्हाळ्याचं आसतंय," तुळजाबाई म्हणाली आणि ओसरीत मांडी घालून बसली. "मुऱ्हाळी बसलाय की! तिला जाऊ द्या म्होरं."

गेटाशी रामहरी आडवा. फोन अजून कानाला. त्यातून अर्जुनरावाचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. "आडव तिला! जीप आडवी लाव!" रामहरीनं एक हात कडीवर ठेवला आणि केशरबाईकडं पाहिलं. शिवकन्या त्याच्यापासून दोन हातांवर उभी, पदरातले तांदूळ गळत होते, मातीत पांढरे ठिपके.

केशरबाई म्हातारीकडं बघत होती. म्हातारी तिची आई होती.

"माज्या दारातनं भरली वटी फिरवू नगस, केशर," म्हातारी म्हणाली. "तुज्या भावाचं लगीन झालेलं घर हाय हे."

"गेट उघड, रामहरी."

"पर आण्णा म्हणत्यात..."

"आण्णाला सांग, मी म्हनले!"

कडी निघाली. टेम्पो खडखडत गेला. घड्याळात तीनला पाच मिनिटं कमी होती.

मग अर्जुनरावाचा फोन केशरबाईला आला. ती बाजूला जाऊन ऐकत राहिली. परत आली तेव्हा चेहरा राखेसारखा. "फाट्यावर मानसं उभी केलीत त्यांनी," ती पुरण वाटता वाटता म्हणाली. "टेम्पो गावात जाऊ देनार न्हाईत."

तुळजाबाई मनात वाट आखायला लागली. फाट्याच्या अलीकडं ओढ्यातून गाडीवाट जाते. ओढा कोरडा ठणठणीत. सटव्याला सुचेल का? टेम्पो वाळूत रुतला तर? तिनं त्याला हे सांगितलंच नव्हतं.

साडेतीनला पान वाढलं. वर तूप. तुळजाबाईनं पोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला. तो घशाखाली उतरेना. घरी गाभण म्हैस उसाची वाळकी वाढं चघळत उभी असेल, आणि आपण इथं तूप खातोय. तिनं पाण्याचा घोट घेतला. आणखी एक तुकडा मोडला, आणि तोडलेले तुकडे ताटात एका कडेला जमत गेले.

"खाईनात का?" केशरबाई समोर बसून म्हणाली. "इख न्हाई घातलं."

"खाते की."

चार वाजले. सव्वाचार. दोघी एकमेकींकडं न बघता बसल्या होत्या. केशरबाईच्या मांडीवर फोन. मध्येच ती म्हणाली, "माज्या भावाला ह्या छावनीनं हात दिला आसता. तुमाला काय म्हाईत."

"म्हाईत हाय. पर तुमच्या भावाच्या रानात माजी म्हैस पोचत न्हाई."

फोन वाजला. केशरबाईनं तो कानाला लावला. पलीकडं कुणीतरी जोरजोरात बोलत होतं, मागं गलका. तिनं ऐकलं, फोन बंद केला आणि फरशीवर पालथा ठेवला.

"पाच-चार," ती म्हणाली. "टेम्पो वढ्यात सोडून तुमची सून पायी पळत आली म्हनं. मतदान चालू झाल्यावर हात वर केला. पदरात अजून तांदूळ व्हते."

तुळजाबाईनं डोळे मिटले.  तिनं ताटाच्या कडेचे ते गार तुकडे गोळा केले आणि एक घास करून तोंडात घातला. या वेळी तो उतरला.

"आता वाढा, केशरबाई," ती म्हणाली. "लई भूक लागली."

केशरबाई उठली. चुलीशी गेली. मग तव्यावरची पोळी आणून तिनं ताटात आपटली, आणि वर तूप मात्र धार तुटेपर्यंत घातलं.