दाण्यांचं निमित्त

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. माझं सासर वडीगोद्रीच्या पलीकडे, हायवेला लागून. नवऱ्याचं पंक्चरचं दुकान होतं आणि घरची मोसंबी. माणूस कमी बोलायचा, पण जीव लावणारा होता. उन्हाळ्यात एकदा तो अंघोळ करून आला आणि गप्पच झाला. जेवणावरून उठून जाई, रात्री पाठ करून झोपे. मी फार मागे लागले तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाला, "लघवीच्या जागी दाणे आलेत. कडेकडेनं, बारीक."

"दुखतात?"

"न्हाई. खाजत बी न्हाईत."

"मंग आधीपासूनच असतील."

"म्या कधी बघितलंच न्हाई इतकं नीट."

मी म्हटलं, जालन्याला कातडीच्या डॉक्टरकडं जाऊ. तर तो माझ्यावरच उखडला. "तिथं गावाकडचं कोणी भेटलं तर काय सांगू? काय दाखवायला आलो म्हणू?"

आणि तो अंबडला एकाकडे गेला. स्टँडच्या मागच्या गल्लीत खोली, भिंतीवर 'गुप्तरोग' असं लाल रंगात लिहिलेलं, दाराला पडदा. आत जाणाऱ्याचं तोंड कुणाला दिसत नाही, एवढीच त्या जागेची खुबी. तिथल्या माणसानं बॅटरी मारून क्षणभर पाहिलं, लावायला एक पातळ औषध दिलं आणि विचारलं, "बायको लग्नाआधी कुठं राहात होती?"

मी कॉलेजसाठी संभाजीनगरला होस्टेलला होते. नवऱ्यानं तसं सांगितलं. तो माणूस म्हणे नुसता हसला. "मंग बराबर आहे. ही बीमारी बाईकडूनच येते."

हे नवऱ्यानं मला नाही, त्याच्या आईला सांगितलं. मला सासूबाईंनी सांगितलं, चुलीपुढं बसून, माझ्याकडं न बघता. त्याच दिवसापासून माझं ताट वेगळं झालं. माझे कपडे वेगळ्या बादलीत. मी नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला तरी खरं वाटतंय का हे?" तो दुकानाची चावी घेऊन बाहेर गेला. आठवडाभरात दिरानं मला मोटारसायकलवर बसवून माहेरी आणलं. आमच्या गावाच्या फाट्यावर उतरवलं, पिशवी हातात दिली आणि घरापर्यंतही आला नाही.

माय रात्री माझ्या उशाशी बसली आणि म्हणाली, "खरं सांग बाई, तिकडं शिकायला होती तव्हा काही झाल्तं का?" सासूचं बोलणं मी पचवलं होतं. हे नाही पचलं. मी तोंडावर चादर ओढून घेतली.

वहिनी मात्र उठली. भावाला न विचारता मला जालन्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, रक्त तपासायला पाठवलं. मला काहीच निघालं नाही. मग त्यांनी नवऱ्याबद्दल विचारलं. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "बघितल्याशिवाय मी काही ठामपणे सांगणार नाही. पण कडेनं रांगेत असलेले, न दुखणारे, तसेच राहणारे दाणे पुष्कळ पुरुषांना असतात. ती कातडीची ठेवणच असते. कोणाकडून येत नाही, कोणाला लागत नाही. मात्र दाणा नवा असेल, वाढत असेल, कोबीच्या फुलासारखा पसरत असेल, फोड येऊन जखम होत असेल, पाणी-रक्त येत असेल, जांघेत गाठ किंवा ताप असेल, तर थांबायचं नाही. आणि कळत नसेल तरी यायचंच. घरी काही लावत नाहीत ना?"

मी बाहेर येऊन तिथूनच नवऱ्याला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यानं उचलला. आवाज ओळखू येईना.

"ते औषध लावून राह्यलात का?"

"लावलं. आग व्हायची, तरी लावलं. तो म्हणाल्ता आग झाली म्हणजे बीमारी जळून राह्यली." मग म्हणाला, "आता लघवीच होईना."

वहिनी आणि मी तशाच माझ्या सासरी गेलो. दारात सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला आली?" मी आत गेले. तो कॉटवर पडला होता, अंगात सणसणून ताप, लुंगीला डाग. खोलीत वास येत होता. घरातल्या कुणाला त्यानं दाखवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

जालन्याला नेलं. ऑपरेशन करावं लागलं, सडलेली कातडी काढावी लागली. ड्रेसिंग करताना कातडीच्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. जिथं औषध पोचलं नव्हतं तिथं दोन-चार दाणे शिल्लक होते, कातडीच्याच रंगाचे. ते म्हणाले, "हे ते दाणे. याला औषध नाही, कारण हा आजारच नाही. भाजलंय ते त्या औषधानं."

नवरा छताकडं बघत होता. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात उतरत होतं. पुसायला त्यानं हातही उचलला नाही.

घरी आल्यावर दीर अंबडला भांडायला गेला. खोलीला कुलूप होतं. शेजारचे म्हणाले, गेला कुठं तरी.

मी सासरीच राहिले. का राहिले, हे मला अजून नीट सांगता येत नाही. कुणीतरी त्याचं करायला हवं होतं, आणि माहेरी मायच्या डोळ्यांसमोर राहणं मला नको होतं. नवऱ्याला व्रण राहिला. लघवीची नळी अधूनमधून आखडते, मग पुन्हा जालना. मुलाबाळांचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. एकदा दवाखान्याच्या बाकावर तो म्हणाला, "म्या तुला इचारलं बी न्हाई." मी म्हटलं, "न्हाई विचारलं." तेवढ्यात आमचा नंबर आला.

गावात अजूनही बाया हळदीकुंकवाला मला जरा कडेला बसवतात. मी तसला आजार घेऊन आले होते, हेच सगळ्यांना माहीत आहे. ते खोटं आहे असं सांगायचं, तर आधी ते दाणे कुठं होते ते सांगावं लागतं. ते आमच्या घरात कुणाच्याच तोंडून निघत नाही.