डावा पाय गार पडला तेव्हा

माझ्या डाव्या पोटरीवर निळ्या शिरा वर आल्या होत्या. वर्गात उभं राहून शिकवायचं, घरी आलं की ओट्यापाशी उभं राहायचं. संध्याकाळपर्यंत पाय दगडासारखा जड व्हायचा. एरंडोलच्या आमच्या शाळेतल्या बऱ्याच जणींची हीच तक्रार होती. शेवटी ऑपरेशन करायचं ठरलं. जळगावचे एक सर्जन आमच्या घराला देवासारखे होते. माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, अपेंडिक्स फुटलं तेव्हा त्यांनीच त्यांना मरणाच्या दारातून परत आणलं होतं. त्यामुळे दुसऱ्या कुणाला दाखवावं हा विचारही कुणाच्या मनात आला नाही.

ऑपरेशन सकाळी झालं. कमरेत इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे कमरेखालचं काहीच कळत नव्हतं. दुपारी उजव्या पायाला मुंग्या आल्या, मग तो हलवता येऊ लागला. डाव्याची मी वाट बघत राहिले. पट्टी मांडीपासून घोट्याच्या खालपर्यंत बांधलेली होती, फक्त बोटं उघडी. त्या बोटांना काही कळेना. मात्र पोटरीत कुणीतरी ओलं धुणं पिळावं तसा पिळा पडायला लागला. मी सिस्टरांना सांगितलं.

"पट्टी घट्ट असते ना, म्हणून वाटतं तसं," त्या म्हणाल्या आणि दुखण्याचं इंजेक्शन देऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. पांघरूण काही त्यांनी उचललं नाही.

"डॉक्टर, बोटं गार लागतायत. आणि कळतच नाहीत."

"बाई, तुम्ही फार घाबरता. शिक्षिका ना तुम्ही?"

माझे यजमान शेजारी उभे होते. ते थोडंसं हसले. थट्टेचं नव्हतं ते हसू, डॉक्टरांसमोर अवघडून आलेलं होतं. पण मला त्या हसण्याने एकदम एकटं वाटलं. आपल्या पायाचं काहीतरी भयंकर होतंय आणि ते आपल्यालाच तेवढं माहीत आहे, अशी ती भीती होती. मी डोळे मिटले की पाय नाहीसा झाल्यासारखा वाटायचा. मग मी उठून बघायचे.

दुपारी माझी थोरली नणंद धुळ्याहून भेटायला आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिथे देवपूर भागात राहते, बँकेत नोकरी करते. तिने डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात माझ्या दोन्ही पावलांवर ठेवले. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

"हा एक पाय बर्फासारखा आहे," ती भावाला म्हणाली. "आणि बोटं बघ. जांभळाच्या रंगाची झालीत. तुला दिसत नाही?"

अक्काने डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी या वेळी बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, "सूज आहे. उद्या डॉप्लर करून रक्त नीट वाहतंय का बघू."

"उद्या का? आज का नाही?"

"मशीनवाले उद्या येतात."

अक्का उठली. बाहेर जाऊन तिने धुळ्याला फोन लावला. तिथे रक्तवाहिन्यांचे एक सर्जन तिच्या माहितीतले होते. त्यांनी लगेच आणा म्हणून सांगितलं. यजमान घुटमळले. "डॉक्टरांना काय वाटेल?" असं ते हळूच म्हणालेसुद्धा. अक्काने कागद त्यांच्यासमोर ठेवला. मग 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' असं लिहून, सही करून त्यांनी मला बाहेर काढलं.

अ‍ॅम्ब्युलन्स एरंडोलवरून गेली. आमच्या गावाची वळणं मला आडवं पडूनही कळत होती. इथेच उतरून घरी जावं, दार लावून घ्यावं, म्हणजे पुढचं काही होणारच नाही, असं वाटत होतं. पारोळा मागे पडलं तरी अक्का माझा पाय मांडीवर घेऊन बसली होती. ती सारखी बोटं दाबून बघत होती, म्हणून मला जास्तच भीती वाटत होती.

धुळ्याच्या डॉक्टरांनी सगळी पट्टी कापली. पेनासारखं एक यंत्र त्यांनी उजव्या घोट्यावर टेकवलं, तर खोलीभर सूं-सूं आवाज झाला. "हे रक्त वाहतंय," ते म्हणाले. मग डाव्या घोट्यावर टेकवलं. आवाज आला नाही. त्यांनी यंत्र जरा वर सरकवलं, खाली सरकवलं, पावलावर ठेवलं. आम्ही सगळे कान देऊन होतो. मी आयुष्यात खूप गोष्टींना घाबरले आहे, पण तशी शांतता पुन्हा ऐकली नाही.

"शीर समजून धमनी बांधली गेलेली दिसते," ते अक्काला म्हणाले. "कालच आला असतात तर..." आणि ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं.

त्यांनी रक्ताचा रस्ता मोकळा केला, पण तोवर पाऊल मेलं होतं. काळपटपणा वर चढायला लागला तेव्हा गुडघ्याखाली पाय काढावा लागला. संमतीच्या कागदावर केलेली सही मला माझी वाटली नाही.

घरी आल्यावर तक्रारीचा विषय अक्काने काढला. यजमान मान खाली घालून बसले. नातेवाइकांचं म्हणणं एकच होतं: डॉक्टरांशी वैर घेऊ नये, उद्या कुणाचं दुखलंखुपलं तर कोण बघेल? मलाही तीच धास्ती होती. आणि आबांसमोर त्यांच्या डॉक्टरांविरुद्ध कसं बोलायचं?

आबा ऐकत होते. ते अहिराणीत म्हणाले, "मना जीव वाचाडा तो उपकार मनावर शे, तुनावर नही. पाय तुना गया. तू जाय."

उपकार आहे तो त्यांच्यावर, माझ्यावर नाही, असं आबांनीच म्हटल्यावर घरात कुणी वाद घातला नाही.

जळगावच्या ग्राहक आयोगात आम्ही भरपाईसाठी दावा लावला. समोरच्यांचं उत्तर आलं: असा धोका प्रत्येक ऑपरेशनमध्ये असतो, आणि पेशंट आमचा सल्ला डावलून गेला. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, तज्ज्ञाचं मत लागेल. धुळ्याच्या डॉक्टरांनी उपचाराचे सगळे कागद दिले, पण मत लिहून द्यायला तयार झाले नाहीत. "आम्हाला एकमेकांसोबत काम करायचं असतं हो," असं ते खाली बघत म्हणाले. मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. माझा जीव त्यांनीच वाचवला होता. मी फक्त घाबरले, की आता सगळं संपलं.

मग आयोगाने प्रकरण सरकारी डॉक्टरांच्या मंडळाकडे पाठवलं. अनोळखी माणसांसमोर मी साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन बसले. त्यातल्या एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "बोटं गार आहेत हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?" मी सगळं सांगितलं. एवढं नीट आजवर कुणी मला विचारलंच नव्हतं.

मंडळाने लिहिलं की ऑपरेशनमध्ये धमनीला इजा होऊ शकते. पण पाय गार आणि बधिर आहे असं पेशंट सांगत असताना तो तपासला नाही, हा हलगर्जीपणा आहे. आयोगाने आमच्या बाजूने निकाल दिला. डॉक्टरांनी वर अपील केलं, ते रखडलं, शेवटी त्यांच्या विमा कंपनीने तडजोड केली. मागितलं होतं त्याहून बरंच कमी मिळालं. त्यातून चांगला कृत्रिम पाय आला आणि मी शाळेत परत गेले. आता बसून शिकवते.

निकालाच्या दिवशी आयोगाच्या जिन्यावर डॉक्टर समोर आले होते. मी कुबडी टेकून कडेला झाले. ते थांबले, काहीतरी बोलणार होते, पण त्यांच्या वकिलाने त्यांना पुढे नेलं. ते काय बोलणार होते, याचा विचार मी अजून करते.

त्यांचा दवाखाना चालू आहे. मागच्या महिन्यात शाळेतली एक नवी शिक्षिका माझ्याजवळ बसली आणि आपली पोटरी दाखवून म्हणाली, "मॅडम, मला त्यांचंच नाव सुचवलंय. जाऊ का?"

"नको. धुळ्याला दाखव," मी म्हणाले. मी तिला अक्काचा नंबर दिला.