कुंकू लागलेला पासपोर्ट

आमच्या घरी दसऱ्याला काय काय पुजलं जायचं ते विचारू नका. शिवणाचं मशीन, बाबांचं पेन, माझी भूगोलाची वही, सायकल, एवढंच कशाला, गॅसची शेगडीसुद्धा! बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. साताऱ्याहून निघालेलं आमचं बिऱ्हाड बदल्यांमागून फिरत राहिलं, पण पाट मांडायची आईची रीत काही बदलली नाही. ताईच्या लग्नानंतर त्या पाटावर आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे आईचा पासपोर्ट.

ताई लग्न होऊन लंडनला गेली तेव्हा आम्ही दिल्लीत होतो. उद्या तिचं बाळंतपण निघालं तर ऐनवेळी धावाधाव नको, म्हणून बाबांनी तिथंच तो काढून ठेवला. मग बदली होऊन आम्ही चंदीगडला आलो. बाळंतपण काही निघालं नाही. पासपोर्ट कपाटातच पडून असायचा, बाहेर यायचा तो फक्त दसऱ्याला. पूजेला पुस्तक उघडंच हवं, हा आईचा हट्ट. ज्या पानावर सरकारी शिक्का होता तेच पान ती उघडायची, पळीतल्या पाण्यात बोट बुडवून हळदकुंकू लावायची आणि वर झेंडूचं फूल ठेवायची. “माझ्या पोरीकडं नेणारी वस्तू आहे ती,” म्हणायची. पासपोर्टची मुदत त्याच पानावर शाईनं लिहिलेली होती. बाबांचा सगळा जन्म सरकारी कागदांत गेला, पण त्यांच्याही डोक्यात काही आलं नाही. कमाल आहे!

एका उन्हाळ्यात शेजारच्या सरदारजींकडं लंडनहून ट्रंककॉल आला. ताईला रक्ताचा कॅन्सर झाला होता, हाती फार दिवस नव्हते. मेहुण्यांनी दवाखान्यातूनच फोन लावला होता आणि मध्ये मिनिटभर ताईला दिला. फोन माझ्या हातात होता. “आईला म्हणावं, लवकर ये गं,” एवढंच ती बोलली. तिचा आवाज म्हातारीसारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सेक्टर सतराच्या ट्रॅव्हल एजंटकडं गेलो. त्यानं पासपोर्ट उघडला आणि बाबांकडं बघितलं. “ये क्या है जी?” शिक्क्याच्या पानावर लालपिवळा चिखल झाला होता. शाई पसरून मुदतीची तारीख पार बुडाली होती. पासपोर्ट चालू आहे की संपलाय हेच कळत नाही, विमानात कोण बसू देणार, तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं, पण मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

पासपोर्ट कचेरीतला साहेब भला होता. पण खराब झालेला पासपोर्ट बाद, नवाच काढावा लागेल, म्हणाला. जुना दिल्लीचा, म्हणजे तिथून कागद मागवायचे, शिवाय इथं पोलिसांची चौकशी. बाबांनी हात जोडले. साहेबानं अर्जावर ‘तातडीचे’ असं लिहिलं, आणि तातडीचा अर्ज दिल्लीत जाऊन पडला.

आई रोज कचेरीत जायची. नाही म्हटलं तरी जायचीच. रांगेत पंजाबातल्या गावांमधली तरणी पोरं असायची, सगळी परदेशाला निघालेली, हसतखिदळत. “माताजी, आप आगे आ जाओ,” म्हणत ती तिला पुढं सोडायची. ती खिडकीशी जायची, “आज नहीं आया” ऐकायची आणि गुपचूप परत यायची. एकदा वाटेत मध्येच थांबून बाबांना म्हणाली, “अहो, माझ्याच हातानं केलं हो मी.” बाबा म्हणाले, “अगं, तू पूजाच केलीस ना?” पण म्हणताना त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

ताई गेली. फोन परत सरदारजींकडंच आला. या वेळी त्यांनी आम्हाला बोलावलं नाही, स्वतःच घरी आले आणि दारात नुसते उभे राहिले.

दिवसवार होऊन गेल्यावर एका सकाळी पोस्टमन आला. रजिस्टर पाकीट होतं. तिकडं पंजाबात पासपोर्ट घरी येणं म्हणजे लॉटरी लागल्यासारखं, पोस्टमनला मिठाई द्यायचीच. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! “लो माताजी, पासपोर्ट आ गया! मुंह मीठा कराओ जी!” तो हात पुढं करून हसत उभा राहिला. मी ओरडणार होते, तर आईनं मला हातानं मागं सारलं. आत गेली आणि डब्यातली चिमूटभर साखर आणून त्याच्या तळहातावर ठेवली.

मग दार लावून तिथंच खाली बसली. पासपोर्ट उघडला, मुदतीचं पान काढलं आणि त्यावरून कोरडं बोट फिरवत राहिली.

“बघ,” मला म्हणाली, “आता सगळं नीट वाचता येतंय.”