मेव्हण्याच्या माशा

आमच्या मेव्हण्याएवढा शिकून वाया गेलेला माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा न्हाई. मी चौथी नापास, तरी सांगतो. सगळं जग माशा हाकलतं, ह्यानं तीस वर्षं माशा पाळल्या. सडक्या केळावर घोंगावतात ना, त्या चिलटाएवढ्या. अळीला पंख कसा फुटतो, आईचं लेकीत काय उतरतं, सेलूच्या माशा मानवतच्या माशांहून वेगळ्या का, ह्यातच त्याची हयात गेली. झाडाला सडकी केळं टांगून खाली बसायचा. सेलूत एकानं विचारलं, "नवस हाय का?" हा म्हणाला, "न्हाई, संशोधन." "मंग चालू द्या," म्हणून तो हात जोडून गेला.

नावापुढं डॉक्टर लागल्यावर आमच्या पेडगावात लोक दुखरी दाढ घेऊन आले. ह्यानं दाढ सोडून सगळ्यांचे कान बघितले आन वहीत उतरवून घेतले. पुतण्याला मुलगी बघायला ह्याला नेलं, ही माझी चूक. पोरीच्या बापाकडं टक लावून म्हणाला, "कान आईचे हायत. हनुवटी कुणाची?" चहा न पिता उठावं लागलं.

माझी बायको त्याची थोरली बहीण. ती तेवढी त्याची बाजू घ्यायची. एकदा आमच्या स्वयंपाकघरातून त्यानं एकच मादी धरली. ही म्हणाली, "आरं यड्या, माहेरचं नाव तरी लाव तिला!" त्यानं बाटलीवर लिहिलं, 'ताईचं घर'. त्या एका मादीची लेकरं-नातवंडं दर पंधरा दिवसाला नव्या बाटलीत घालत त्यानं बारा वर्षं वंश चालवला.

यंदा संक्रांतीनंतर बायको गेली. त्याच महिन्यात हा कॉलेजातून रिटायर झाला. नव्या साहेबानं जुन्या बाटल्या फेकायला सांगितल्या. हा एक बाटली मांडीवर घेऊन एसटीनं आला. "दाजी, एवढी सांभाळा. आमची मंडळी घरात घेऊ देईना, आन मला फेकवंना."

"माणूस ऱ्हायलं न्हाई, आन माशा कशाला?" मी म्हणालो. तो बाटलीकडं बघून रडायला लागला. शिव्या देत मी ठेवून घेतली.

ह्या माशांना ऊन सोसत न्हाई. चैतात चारच उरल्या. मग बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली, हिच्या बसायच्या जागी. दिवसातून चारदा फडकं भिजवतो, केळं कुस्करून घालतो. रोज त्याचा फोन, "दाजी, ताईचं घर कसं हाय?"

काल काचेवर बारीक पांढऱ्या अळ्या चढताना दिसल्या. लय दिसल्या. फोनवर सांगितलं तर हा विचारतो, "किती?"

म्हणालो, "पाव्हणं, मोजायला तुमीच या. इथं मी एकटाच हाय."