रोपांना रहमत म्हणू नये

कझाकस्तानातल्या कारागंडा शहरात, त्या पाच मजली इमारतीत एक नियम सगळे पाळत. कुणी रोप दिलं तर त्याला ‘रहमत’, म्हणजे आभार, म्हणायचं नाही. दूध आणून दिलं, म्हणा. औषध आणून दिलं, म्हणा. पण टोमॅटोच्या रोपाला आभाराचा शब्द लागला की ते मूळ धरत नाही. म्हणून घेणारा रोप घेतो, हवेबद्दल काहीतरी पुटपुटतो आणि चालू लागतो.

रौशनची सून झानार हा नियम पक्का जाणून होती. दर मे महिन्यात ती शहराबाहेरच्या मळ्यासाठी रोपं न्यायला यायची. समोरच्या एर्नाकडून खोकी भरभरून उचलताना तिच्या तोंडाला कुलूप असायचं. मग ती सासूच्या, तिच्या भाषेत आपाच्या, दारात यायची, चार रोपं हातात घ्यायची आणि गोड हसून म्हणायची, “रहमत, आपा.”

त्या एका शब्दाने रौशनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोरगी उद्धट असती तर दोन शब्द सुनावता आले असते, पण आभार मानले म्हणून कुणाशी कसं भांडणार? अर्थ तर उघड होता. एर्नाची रोपं जगायला हवीत, म्हणून तिथे गप्प बसायचं. सासूची तशीही जगत नाहीत, मग शिष्टाचार करायला काय जातं?

रौशन कोळशाच्या खाणीवर क्रेन चालवून निवृत्त झालेली बाई. वर काचेच्या खोलीत बसून खालच्यांना शिव्या घालण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. नवरा गेला, मुलगा लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. जाता जाता त्याने आईला जुन्या कपाटाची एक पेटी करून दिली. आतून चंदेरी कागद, वर दिवा, आणि तारेच्या टोकाने तापमान मोजणारं एक छोटं यंत्र. बाहेर बर्फ असताना काचबंद गॅलरीतल्या त्या पेटीत टोमॅटो उगवायचे. उगवायचे खरे, पण सुतासारखे बारीक, फिके, लांबलचक; आणि थोड्याच दिवसांत मान टाकायचे.

एर्नाचे मात्र बुटके, जाड देठाचे, गर्द हिरवे. बी एकाच बाजारातलं, इमारत एक, रेडिएटरमधलं गरम पाणीसुद्धा एकच. एर्ना जर्मन. तिचे सगळे नातेवाईक केव्हाच जर्मनीला गेले, ही तेवढी राहिली. का राहिली म्हणून रौशनला विचारलंत, तर खास तिला जाळायला. त्यात झानार रविवारी आली की आधी समोरच्या दारात शिरायची. तिथून दोघींचं हसणं ऐकू यायचं आणि इकडे रौशनने ओतून ठेवलेल्या चहावर साय धरायची.

रौशन कष्टात कमी पडत होती असं मात्र नाही. थंडी ही तिची जुनी वैरीण. नव्वदच्या दशकात एका हिवाळ्यात घरोघर गरम पाणी पाठवणारी शहराची भट्टी बंद पडली, तेव्हा मुलाला कोटासकट कुशीत घेऊन तिने दिवस काढले होते. तेव्हापासून तिच्या घरात काहीही गारठलेलं चालत नसे. सूर्य कलला की ती दिवा तसाच ठेवून, खिडकीची झडप घट्ट लावून पेटीवर कोर्पे घालायची, पाहुण्यांसाठी राखलेली ती जाड रंगीत गोधडी. यंत्राच्या तारेचं टोक पेटीच्या तळाशी, गॅलरीच्या गार फरशीला टेकलेलं असे. आकडा कधी बारा अंश दाखवी, कधी तेरा. आकडा पाहिला की ती दुसरी कोर्पे चढवी. झानारने एकदा दबकत म्हटलं होतं की आपा, एवढं पांघरूण नको. रौशनने तिला विचारलं, की हे तुला समोरून शिकवून पाठवलं का. तो विषय तिथेच संपला.

मार्चमध्ये एर्ना डोळ्याच्या ऑपरेशनला अस्तानाला गेली आणि घराची किल्ली तिने झानारला दिली. दारासमोर दार असलेल्या रौशनला नाही, शहराच्या टोकाला राहणाऱ्या झानारला. झानारला रोज येणं जमेना, म्हणून किल्ली शेवटी रौशनच्या हातात पडली.

“आपा, फक्त संध्याकाळी दिवा बंद करून खिडकीची वरची झडप उघडायची. सकाळी उलट. बाकी कशाला हात लावू नका.”

“क्रेन चालवलीय मी. झडप उघडता येते मला,” रौशन म्हणाली.

एर्नाच्या गॅलरीतही तशीच दिव्याची आणि यंत्राची पेटी होती, पण उघडीबोडकी. तारेचं टोक रोपांच्या पानांमध्ये टांगलेलं, दिव्याची झळ थेट बसू नये म्हणून त्यावर पुठ्ठ्याची टोपी. आणि ती रोपं! नुकती चार पानांवर आलेली, पण आखाड्यात उतरल्यासारखी पाय रोवून उभी. पहिले काही दिवस रौशनने मुकाट्याने झडप उघडली, लावली. मग एका संध्याकाळी तिच्याच्याने ते हिरवेपण पाहवेना. झानारने सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट करायचं तिने ठरवलं. तिने दिवा तसाच ठेवला, झडप उघडलीच नाही, आणि घरून आणखी एक कोर्पे आणून एर्नाच्या पेटीवर पांघरली. कुणी विचारलंच तर ती सांगणार होती, की गारठलेली वाटली बिचारी, दया आली. वाढू देत तिचीही सुतासारखी. मानू दे झानारला तिचेही आभार.

एर्नाच्याच स्टुलावर बसून ती यंत्राकडे पाहत राहिली. आकडा अठरावर होता. वीस झाला, चोवीस झाला, आणि खाली पोरं शाळेतून परतण्याचा गलका संपेपर्यंत तिसावर टेकला. तिच्या घरचं यंत्र कधीच एवढं चढलं नव्हतं. चढणार कुठून? तिने मोजली होती ती फरशी. वर गोधड्यांखाली रोपं किती उष्मा सोसत होती, ते तिने कधी मोजलंच नव्हतं.

एर्नाच्या रोपांचं वाटोळं करायला ती आज जे करत होती, तेच स्वतःच्या रोपांना ती इतकी वर्षं मायेने करत आली होती.

तिने कोर्पे ओढून काढली, दिवा बंद केला, झडप उघडली. घरी येऊन स्वतःच्या पेटीवरच्याही दोन्ही कोर्पे काढल्या, दिवा विझवला, तारेचं टोक पानांत टांगलं. मग आपल्या गॅलरीची झडप उघडली. थंड हवा आत आली तसं तिला वाटलं, आपण लेकराला उघड्यावर टाकतोय. पण तिने झडप लावली नाही.

मे महिन्यात झानार खोकी घेऊन आली. या वेळी रौशनची पेटी पाहून ती खाली बसली. एका रोपाच्या जाड देठावरून बोट फिरवलं. मग भराभर एक खोकं भरलं, दुसरं भरलं. रौशन दाराला टेकून तिच्या तोंडाकडे पाहत होती. झानारने खोकं उचललं, सासूकडे पाहिलं, ओठ उघडले आणि मिटले.

“वारा सुटलाय आज,” एवढंच म्हणून ती जिना उतरली.

रौशनने पदराआड हसावं तसं रुमालाच्या टोकाने तोंड झाकून घेतलं. डोळे मात्र झाकता आले नाहीत.

समोरच्या दारात एर्ना उभी होती. तिच्याकडून झानारने या वर्षी एकच खोकं भरलं होतं. नव्या चष्म्यातून तिने रौशनची उरलेली रोपं नीट निरखली, त्यातलं सगळ्यात सरस उचललं आणि चांगलं खणखणीत म्हणाली, “रहमत, रौशन. अगदी मनापासून रहमत.”

या इमारतीत जन्म गेलेल्या बाईला नियम सांगायची गरज नव्हती. त्या गोड आवाजाखाली काय जळत होतं, हे रौशनहून चांगलं कोण ओळखणार?

“अगं, एकच काय?” रौशन म्हणाली. “अजून एक घे.”